करारातला लाल वळू

"लेअर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेअर म्हणजे रिकामी.

त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत गेलेला आणि नजर वर, गोठ्याच्या पत्र्यावर. गाभण तपासणारे सगळेच असे वर बघतात. आमच्या कोल्हापूरकडचे सरकारी दवाखान्यातले डॉक्टरही आढ्याकडे बघतच म्हशी तपासायचे. बाईंनी हात काढला, मी खोड्याचा दांडा उचलला, गाय बाहेर पडली आणि पुढची आत आली.

"लेअर."

तिच्यामागची. "लेअर."

मधेच एखादी गाभण निघाली की बाई "ना आल्झो!", म्हणजे 'बघा, झालं की!', असं मोठ्यानं म्हणायच्या. सगळ्या विषयांत नापास झालेल्या पोराला चित्रकलेत बरे मार्क पडल्याचं सांगावं, तसा सूर. त्यानं माझं डोकं जास्तच तापायचं. जर्मनीत अशा वेळी तोंडातून अपशब्द काढायची सोय नसते, म्हणून मी दांडा जरा जोरात आपटत होतो.

कुंपणापाशी सासरे उभे होते. निळा कामाचा कोट, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे बांधलेले. दर 'लेअर'ला ते किंचित मान हलवत. "मी सांगितलं होतं" हे वाक्य तोंड न उघडता म्हणायची कला त्यांच्याकडे होती. तपासणी संपली, बाई हातमोजा काढून बादलीत हात धुवायला लागल्या, तेव्हा ते बोलले.

"काळा आल्यापासून हे सुरू झालं."

मी दांडा सोडला तो थेट माझ्याच अंगठ्यावर पडला.

हा काळा म्हणजे मी आणलेला काळा वळू. शिंग नसलेला, आखूड पायांचा, मांसासाठी नावाजलेल्या जातीचा. त्याच्याशिवाय कळपात आणखी एक वळू होता: सासऱ्यांचा लाल. म्हातारा, पांढऱ्या तोंडाचा, मानेवर गादीसारखी घडी पडलेला. पंचवीसेक लाल-पांढऱ्या गाई आणि हे दोन वळू. उन्हाळाभर दोघं गाईंबरोबर कुरणात असत, आणि पुढच्या वसंतात वासरं व्हावीत अशी अपेक्षा असे. त्या वर्षी वासरं झाली ती मूठभर. पुढच्या वर्षी त्याहून कमी होणार, हे त्या दिवशी खोड्यात कळलं.

मी काही जन्माचा शेतकरी नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर शिकाऊ म्हणून लागलो, रात्रशाळेत डिप्लोमा केला, आणि स्टुटगार्टच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून आलो. माझ्या बरोबरीची मराठी पोरं झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर झाली, घरं घेतली, गणपती बसवायला लागली. मी नोकरी सोडली आणि जुन्या मशीनचा धंदा सुरू केला. इथले छोटे कारखाने बंद पडत. मी त्यांची लेथ, मिलिंग, ग्राइंडर घासाघीस करून घ्यायचो आणि कंटेनर भरून कोल्हापूर, राजकोट, कोइमतूरला पाठवायचो. कुणाच्या बापाचा पैसा नव्हता. होती ती फक्त जीभ, आणि समोरचा माणूस कुठं थकेल याचा अंदाज.

मग तिकडची मंडळी नवीच मशीनं घ्यायला लागली आणि धंदा बसला. त्याच सुमाराला सासऱ्यांना होफ, म्हणजे ती सगळी शेतवाडी, कुणाच्या तरी हवाली करायची होती. माझी बायको त्यांची एकुलती एक. ती इथल्या इस्पितळात नर्स. गाईंच्या मागं धावण्यात तिला रस नव्हता. राहिलो मी. वेड्या गाईच्या रोगाची घबराट नुकतीच ओसरली होती आणि लोक अनोळखी दुकानापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडून मांस घ्यायला लागले होते. मला त्यात धंदा दिसला. शिल्लक होती ती सगळी मी त्या गोठ्यात घातली.

हो, मांसच. वाचणाऱ्याच्या मनात काय आलं ते मला कळतं. त्यावर मी वाद घालत बसत नाही. आईला मी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी सरळ विचारलं नाही. फोनवर म्हणायची,

"दूध किती देत्यात रं तुझ्या गाई?"

"वासरं पितात, आई."

"सगळं?"

"सगळं."

"पुण्य लागंल बाबा तुला."

एवढ्या लांबून मिळणारं पुण्य कशाला परत करा.

होफ हवाली करायची इथली एक रीत आहे. म्हातारा शेतकरी जमीन, गोठा, गुरं सगळं पुढच्याच्या नावावर करतो, पण स्वतःसाठी मरेपर्यंतचे काही हक्क राखून ठेवतो. त्याला आल्टनटाइल म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या खोल्या, शेगडीला लाकूड, अंडी, बटाटे, परड्यातला एक वाफा, असं काय काय त्यात असतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कितीतरी रविवार हे बोलणं चाललं. स्वाबी, म्हणजे या स्टुटगार्टकडचा, माणूस म्हणजे पैचा हिशेब. मी कंबर कसून बसलो होतो. पण गंमत अशी, की सासरे सगळं सोडत गेले. ट्रॅक्टरची शेड मागितली, मी नाही म्हटलं, सोडली. ओढ्याकाठचं कुरण मागितलं, सोडलं. कळपात कोणत्या कालवडी ठेवायच्या आणि कोणत्या विकायच्या हे ते ठरवणार म्हणाले. मी म्हटलं, होफ माझा तर निवड माझी. "हो, हो," म्हणाले, तेही सोडलं. मला वाटलं, म्हातारा थकला.

शेवटी पाइप पेटवत म्हणाले, "एकच. वळू राहील. कळपात. मरेपर्यंत."

मला हसू आलं. एवढ्या मोठ्या सौद्यात एक म्हातारा बैल! मी हात पुढं केला. त्यांनी तो हातात घेऊन एकदा खाली दाबला.

"अबगेमाख्ट," म्हणाले. ठरलं.

सगळं सोडणारा माणूस एका गोष्टीसाठी जीव राखून असतो, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो होतो. पण घरच्या टेबलावर, आपल्याच बायकोच्या बापाकडून, रविवारच्या केकबरोबर कुणी असा डाव टाकेल असं कुणाला वाटतं? मला बेसावध गाठलं. आजही मी असंच म्हणतो.

त्याच हिवाळ्यात लालच्या खुरात पू झाला. ताप चढला, कितीतरी दिवस तो उठेना. सासरे त्याच्याशेजारी पेंढ्यावर बसून असायचे. तो बरा झाला, उन्हाळ्यात गाईंबरोबर कुरणात गेला. मी तोवर काळा आणला होता. एकट्या म्हाताऱ्यावर पंचवीस गाई सोडायच्या नाहीत, एवढी अक्कल मला होती. काळ्याच्या मालकाला मी इतका पिळला की शेवटी तो वैतागून म्हणाला, "घेऊन जा आणि परत येऊ नकोस." ती माझ्या आयुष्यातली उत्तम खरेदी होती, हे मी नंतरही कुणाला पटवू शकलो नाही.

पुढच्या वसंतात मूठभर वासरं झाली. बाकी गाई चरत, रवंथ करत, ढिम्म उभ्या. आणि झालेलं प्रत्येक वासरू काळं. एकही लाल नाही.

मी सासऱ्यांना कुरणात नेऊन दाखवलं. "बघा. लालचं एकही नाही."

"बघतोय," ते म्हणाले. "तुझा काळा आला, त्यानं कळपाची शांतता घालवली. गाई बिथरल्या. इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं."

आता या तर्काला काय उत्तर द्यायचं? दुकानात दोन नोकर, एकाचा गल्ला थोडा भरलेला, दुसऱ्याचा रिकामा; आणि मालक म्हणतो, भरलेल्यामुळेच दुसऱ्याचा रिकामा राहिला! मी भांडलो. बायको मधे पडली. ठरलं, की डॉक्टरीणबाईंना विचारायचं.

बाईंनी सरळ वाट धरली. आधी रक्त तपासलं: गाभ पाडणारे सगळे रोग एकेक करून बाद झाले. मग म्हणाल्या, आपल्या इकडं डोंगरावर मातीत काही क्षार कमी असतात, चाटायच्या विटा ठेवा. ठेवल्या. गाईंनी गोळ्या चघळाव्यात तशा त्या चाटून संपवल्या आणि पुन्हा माजावर यायला लागल्या. बाईंनी दोन्ही वळूंचं बी तपासू म्हटलं. काळ्याचं, मागून विजेचा दांडा लावून काढलं आणि तपासलं. उत्तम निघालं. लालच्या वेळी सासरे दारात आडवे उभे राहिले.

"माझ्या वळूला तो विजेचा दांडा लागणार नाही."

"दुखत नाही हो त्याला," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला लावलाय कधी?"

बाई हसल्या. मी नाही.

त्या उन्हाळ्यात मी कामं टाकून कुंपणाशी उभा राहायचो. एक गाय माजावर आली की लाल तिच्या बाजूला जाऊन उभा राही आणि हनुवटी तिच्या पाठीवर टेकवी, जागा राखून ठेवल्यासारखी. काळा लांबून हुंगत यायचा. लाल फक्त मान खाली घालून एक ढुशी द्यायचा की काळा तडक झुडपांकडे. तिथं माती उकरत, हंबरत उभा. मग लाल गाईवर चढायचा. बघणाऱ्याला वाटावं, सगळं यथासांग झालं.

"बघ," सासरे शेजारी येऊन म्हणायचे, "अजून काम करतो."

आणि तीन आठवड्यांनी तीच गाय पुन्हा माजावर. उलटली, म्हणजे गाभ राहिलाच नाही. पुन्हा तोच लाल, तीच हनुवटी. काळ्याला मधेच कधी लाल ओढ्यावर पाणी प्यायला गेला असेल तेवढ्यात संधी मिळायची. त्या संधीचीच ती मूठभर वासरं. मी सासऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, तू मशीनचा माणूस, तुला सगळीकडं कळ आणि बटण दिसतं.

आणि मग तो खोडा, ती 'लेअर'ची माळ. बादलीत हात धुता धुता बाई सासऱ्यांसमोरच म्हणाल्या, "खुराच्या तापात गेलं असणार. या वयात गेलेलं परत येत नाही. चढायची इच्छा आहे, जोर आहे, फक्त बी नाही. त्याला बाजूला काढा, पुढच्या वर्षी सगळं ठीक होईल."

सासऱ्यांनी टोपी सारखी केली आणि घरात निघून गेले.

इथं आणखी एक रिकामं वर्ष म्हणजे काय, ते सांगतो. पुढच्या शरदात विकायला काही नाही. मांसासाठी नाव लिहून गेलेली गिऱ्हाइकं दुसरीकडं जाणार. खंडानं घेतलेली कुरणं परत द्यायची, गाई विकायच्या, आणि वयाच्या पन्नाशीत पुन्हा कुणाच्या तरी कारखान्याच्या दारात उभं राहायचं. आणि गाव म्हणणार, चांगला चाललेला होफ त्या इंडियनानं बुडवला. म्हणतच होते. श्टामटिशवर, म्हणजे गावच्या गुत्त्यातल्या म्हाताऱ्यांच्या राखीव टेबलावर, मी बसलो की बोलणं हवामानाकडं वळायचं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माझा तोल गेला. टेबलावर मूठ आपटली, कॉफी सांडली. सुरुवात जर्मनमध्ये केली, पण जर्मनमध्ये मला मनासारखं चिडता येत नाही. क्रियापद येईपर्यंत राग निवतो. मग सगळं मराठीत बाहेर पडलं, उद्यमनगरच्या मराठीत. सासऱ्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मी थांबल्यावर म्हणाले,

"झालं? आता मला कळेल असं सांग."

"वळू कळपातून काढायचा!"

"अबगेमाख्ट इस्ट अबगेमाख्ट." ठरलं ते ठरलं.

हे वाक्य माझ्यावर चालतं, हे त्यांना माहीत होतं. मी आयुष्यभर शब्दावर धंदा केला. उद्यमनगरात कागद नंतर येतो, हात आधी. भाव पाडताना मी आईबाप आठवतील इतकं पाडतो, पण एकदा हात दिला की माल गंजका निघाला तरी उचलतो. हा माल तर चालता-बोलता होता.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. नंतर बरेच दिवस ते पुन्हा चालायला शिकवणाऱ्या क्लिनिकमध्ये असणार. ट्रक बोलाव आणि वळू पाठवून दे. आल्यावर ओरडतील, मग गप्प बसतील."

"शब्द दिलाय."

"मशीनवाल्यांना तू काय कमी शब्द दिलेस?"

"ते सगळे पाळले."

"मग हाही पाळ आणि गाई विक. पण माझ्यापुढं रोज भांडी आपटू नकोस. घरात दोन वळू मलाही जड जातायत."

आईला फोन केला. ती निदान माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं.

"गाई फळत नाहीत, आई. वळू निकामी झालाय."

"कुणाचा हाय?"

"सासऱ्यांचा."

"म्हातारा झालाय?"

"बऱ्यापैकी. गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

"आरं वळू, वळू!"

"तोही."

"मग काढ की भाईर. का सासऱ्याला इचारल्याबिगार तुला दावं सोडायची चोरी हाय?" आणि मग तिनं तो शब्द काढलाच. "घरजावई झालास बग."

आमच्याकडं जावई दारात आला की सासरा पाय धुवायला पाणी देतो. मी सासऱ्याच्या छपराखाली राहून त्याच्या बैलाला गवत घालत होतो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात नुसता फिरलो.

पण सौदा मोडता येत नसला तरी त्याच्यावर दुसरा सौदा करता येतो. सासरे क्लिनिकमध्ये गेल्यावर मी तिथं गेलो. जागा मला सोयीची होती: ते कुबड्यांवर, उठून गोठ्यात निघून जाता येणार नाही. क्लिनिकच्या कॅन्टीनमध्ये खिडकीशी बसलो. मी केक आणला. त्यांच्या आवडीचा, सफरचंदाचा.

"काय हवंय?" त्यांनी केककडं बघतच विचारलं.

"वळू कळपाबाहेर. किंमत तुम्ही सांगा."

पैसे त्यांना नको होते. नवी मोटार नको, प्रवास नको. बराच वेळ त्यांनी केक खाल्ला. मग म्हणाले, "घरामागच्या सफरचंदांच्या कुरणात तो राहील. बरोबर दोन म्हाताऱ्या गाई. एकटा ठेवायचा नाही."

"कबूल."

"त्या कुरणातलं गवत तू कापायचं नाहीस."

ते माझं सगळ्यात चांगलं गवत होतं. "अर्धं," मी म्हटलं.

"सगळं."

"कबूल." मी दात खाऊन म्हटलं.

"आणि कालवडी मी निवडणार."

म्हणजे हे होतं पोटात. कोणती कालवड ठेवायची आणि कोणती खाटकाकडं पाठवायची, ही निवड ज्याच्या हातात त्याचाच कळप. मी ती त्या रविवारी त्यांच्याकडून काढून घेतली होती आणि मनातून खूश होतो. काही वर्षांत सगळा कळप काळा करायचा असा माझा बेत होता. मी अर्ध्या कालवडी देऊ केल्या. दोन वर्षांपुरती निवड देऊ केली. दोघांनी मिळून ठरवू म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक नर्स एका म्हातारीला चालायला शिकवत होती. माझ्या लक्षात आलं, की यांना कुठंच जायचं नाही, आणि मला मात्र येत्या उन्हाळ्याच्या आत हवंय. घाई असलेल्यानं भाव करू नये.

"कबूल," मी म्हटलं. "झालं?"

"एक राहिलं." त्यांनी काटा बशीत नीट आडवा ठेवला. "गावात कुणी विचारलं तर सांगायचं, वळूचे पाय गेले."

"पाय?"

"पाय. म्हणून कळपातून काढला."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि कानशिलं तापली. "म्हणजे गाई रिकाम्या राहिल्या त्या काळ्यामुळं, माझ्यामुळं, हेच गावात राहू द्यायचं? मी तोंड शिवून बसायचं?"

"तू काही म्हणायचं नाहीस. पाय गेले, एवढंच म्हणायचं."

"पण खरं काय ते तुम्हाला आता ठाऊक आहे!"

त्यांनी बशीतले केकचे कण बोटानं टिपले, आणि ते बघताना मला एकदम दिसलं. "आता नव्हे," मी म्हटलं. "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. पहिली वासरं काळी झाली तेव्हाच."

"पन्नास वर्षं गाई राखतोय मी," सासरे म्हणाले.

"मग आणखी एक वर्ष का घालवलंत? माझं अख्खं वर्ष!"

"घाई तुला होती. मला नव्हती."

तो केक उचलून खिडकीवर मारावा असं मला वाटलं. आजूबाजूला कुबड्या लावलेली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. मी हात पुढं केला. त्यांनी तो धरून एकदा खाली दाबला. पहिल्यासारखाच.

लाल सफरचंदांच्या कुरणात गेला. दोन म्हाताऱ्या गाईंबरोबर झाडाखाली पडलेली फळं खात तो दिवसेंदिवस गोल होत गेला. सासरे कुबडी टेकत रोज सकाळी त्याच्याकडं जायचे आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून काही तरी बोलायचे. काय ते मी कधी ऐकायला गेलो नाही. मुख्य कळपात काळा एकटा राहिला. पहिले दोन-तीन दिवस तो सवयीनं झुडपांकडंच जाऊन उभा राहायचा. मग त्याच्या ध्यानात आलं की ढुशी द्यायला कुणी नाही. शरदात बाई आल्या तेव्हा गाईमागून गाय गाभण निघाली. वसंतात कुरण काळ्या वासरांनी भरलं. गिऱ्हाइकं टिकली, खंडाची कुरणं टिकली, मी कुणाच्या दारात गेलो नाही. जे हवं होतं ते मिळालं, हे मी नाकारत नाही.

पण त्या उन्हाळ्यात गावच्या अग्निशमन दलाच्या जत्रेत शेजारचा शेतकरी, चार बिअर झालेला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघितलंस? म्हातारा परत कालवडी निवडायला लागला आणि कळप ताळ्यावर आला. त्याचं ऐकत जा की रे."

आता कालवडी निवडल्यानं त्याच वर्षी पंचवीस गाई कशा फळतील? निवडलेल्या कालवडींना तर अजून वळू लावायचाही होता! शेंबड्या पोराला कळावं. मी तोंड उघडलं. सासरे बाकावर समोरच बसले होते. त्यांनी ग्लासावरची नजरसुद्धा उचलली नाही.

"वळूचे पाय गेले होते," मी म्हटलं.

"हो, हो, बिचारा," शेजारी म्हणाला. "पण काय वळू होता! त्याच्या काळात अशा रिकाम्या गाई कधी बघितल्या नाहीत आम्ही."

"गेनाऊ," सासरे म्हणाले. अगदी बरोबर.

मी बिअर आणायला उठून गेलो आणि बराच वेळ परत आलो नाही.

लाल त्यानंतर काही हिवाळे जगला. सासरे अजून आहेत, नव्वदीला टेकलेत, कालवडी अजून तेच निवडतात, आणि मधेच एखादी आजीवर गेलेली लाल-पांढरी दिसली की मुद्दाम ठेवतात. माझा काळा कळप झालाच नाही. गावात मी आजवर एका अक्षरानं बोललेलो नाही. पाय गेले, पाय गेले, असंच म्हणत आलो. शब्द दिला होता. पण ठरलं होतं ते गावात बोलायचं नाही एवढंच, आणि आमच्या गावात मराठी वाचणारा माणूस मी सोडून दुसरा नाही. बी गेलं होतं. पाय ठणठणीत होते.